बटरफ्लाय वीड दर हिवाळ्यानंतर गायब होतंय? थंडीवर आळ घेण्याआधी हे तपासा

मे महिना लागला की मला हा प्रश्न हमखास येतो. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी गाठतं नाहीतर रात्री फोन येतो, की अगं गेल्या वर्षी ते केशरी फुलांचं बटरफ्लाय वीड आणलेलं, उन्हाळाभर काय सुंदर फुललं होतं, आणि आता त्या जागी नुसती माती दिसतेय, थंडीने गेलं वाटतं, परत नवीन आणू का? आणू नका. निदान अजून तीन आठवडे तरी आणू नका. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते आणि हे झाड मी लागोपाठ तीन वर्षं घालवलंय, दरवेळी पैसे गेले ते गेलेच पण त्याहून जास्त वाईट वाटायचं की इथल्याच मातीतलं झाड, ते माझ्याकडे का टिकू नये. चौथ्या वर्षी कारण सापडलं आणि आता सहा वर्षं झाली तीच झाडं दर जूनमध्ये फुलतायत. तर जे समजलं ते सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, थंडीने हे मरत नाही. बटरफ्लाय वीड, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियास ट्यूबरोसा, हे इथल्या प्रेअरीचं, म्हणजे गवताळ माळरानाचं झाड आहे, झोन ३ पर्यंत टिकतं (हिवाळ्यातल्या थंडीप्रमाणे अमेरिकेचे झोन पाडलेत, आकडा लहान तितकी थंडी जास्त), आणि आपला शिकागोचा भाग झोन ५ ते ६ मध्ये येतो. २०१९ च्या जानेवारीत शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट झालेलं आठवत असेल, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या ड्राइव्हवेच्या उतारावरचं बटरफ्लाय वीड तसंच्या तसं परत आलं आणि माझं, त्यांच्यापासून चार घरं सोडून असलेलं, गेलं. थंडी दोघींच्या अंगणात तेवढीच होती ना? तिथेच माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की कारण दुसरं आहे.

आता क्रमाने बघू. सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्ही लावलेलं झाड बटरफ्लाय वीडच होतं का. हा प्रश्न विचित्र वाटेल पण मी बघितलेल्या केसेसपैकी बऱ्याच इथेच सुटल्या. नर्सरीत बटरफ्लाय वीड या नावाखाली कधीकधी ट्रॉपिकल मिल्कवीड (मिल्कवीड म्हणजे रुईसारखी चीक येणारी झाडं) विकतात, ज्याची फुलं लाल आणि पिवळी अशी दोन रंगांची असतात. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याला हळदीकुंकू म्हणतात, कित्येकांच्या आईच्या कुंड्यांत असतं ते, त्यामुळे नर्सरीत ते दिसलं की आपला हात आपोआप तिकडे जातो. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं, आपल्या इथे पहिल्या कडक फ्रॉस्टला, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीला, ते संपतं आणि परत येत नाही, त्यात तुमची काही चूक नाही. ओळखायचं कसं, तर पान तोडून बघा. हळदीकुंकवाला पांढरा चीक येतो आणि खऱ्या बटरफ्लाय वीडला चीक नाही, पाण्यासारखा रस येतो, आणि त्याच्या देठाला बारीक लव असते. मिल्कवीडच्या कुळातलं असून दूध नसलेलं हे झाड, हे एक लक्षात ठेवलं की पुरे. हिवाळ्यानंतर पान तोडायला काही उरलेलं नसेल तर मागच्या वर्षीचे फोनमधले फोटो काढून फुलांचा रंग बघा.

दुसरं, ते खरंच मेलंय का? हे झाड फार उशिरा उठतं. बाकी सगळं एप्रिलमध्ये हिरवं झालेलं असतं, डॅफोडिल येऊन जातात, कोनफ्लॉवरची पानं हातभर होतात आणि याचा पत्ता नसतो. आमच्याकडे साधारण मेच्या मध्यानंतर, कधी मे संपता संपता कोंब दिसतात, कारण जमीन नीट तापल्याशिवाय ते हलत नाही. पहिल्या वर्षी मी ५ मे ला फावडं घातलं आणि सोटमूळ मधोमध तुटलं, आणि तुटलेल्या मुळाच्या माथ्यावर पांढरे टपोरे कोंब होते. जिवंत झाड मी माझ्या हाताने मारलं होतं, ते अजून आठवतं. त्यामुळे जूनचा पहिला आठवडा संपेपर्यंत त्या जागी काहीही करू नका, फावडं नको, नवीन रोप नको, ढीगभर मल्च, म्हणजे मातीवर पसरतात ते आच्छादन, तर नकोच. आणि पुढच्यासाठी एक सवय लावा, ऑक्टोबरमध्ये वाळलेल्या काड्या मुळापासून कापू नका, सहा इंच तरी ठेवा, वसंतात जागा त्याच दाखवतात.

थांबवतच नसेल तर बोटाने, नुसत्या बोटाने, वरची दोन इंच माती बाजूला करा. मूळ कच्च्या गाजरासारखं घट्ट लागलं तर ते जिवंत आहे, परत झाका. बोट आत जात असेल, साल निसटून हातात येत असेल, कुजका वास येत असेल तर ती मूळकूज आहे आणि झाड गेलंय. आणि मूळच वर उचकटून आलेलं दिसलं, माथा जमिनीच्या वर एखाद इंच, तर ती तिसरी भानगड आहे, त्यावर पुढे येते.

आता मूळकूज, कारण दहातल्या आठ जणांचं दुखणं हेच असतं. आपण ज्या घरांत राहतो ती बहुतेक मक्याच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतांवर उभी राहिलेली कॉलनी असते, बिल्डर आधी वरची काळी माती खरवडून नेतो, मोठमोठी मशिनं फिरून खालची चिकणमाती दगडासारखी दाबली जाते, आणि मग त्यावर चार इंच माती आणि लॉन अंथरतात. वरून सगळं हिरवंगार दिसतं पण खाली निचरा शून्य. बटरफ्लाय वीडला नेमकं याच्या उलट हवं. ते मूळचं कोरड्या, रेताड, उताराच्या प्रेअरीतलं. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात पण १८३७ मध्ये याच राज्यात ग्रँड डीटूरला जॉन डीअरने पोलादी नांगर बनवला आणि पुढे जवळपास सगळी प्रेअरी नांगराखाली गेली, जे तुकडे उरले ते जुन्या रेल्वेलाइनच्या कडेला, जुन्या दफनभूमींत, जिथे नांगर पोचला नाही तिथे. रेल्वेच्या भरावावर, खडीत, उन्हात हे झाड बिनदिक्कत उभं असतं. तिथे त्याला ना कुणी कंपोस्ट घालत ना पाणी.

मला हे पटलं ते रुईमुळे. माझं माहेर सातारा भागातलं, आमच्या रस्त्याकडेला मुरमाड जमिनीत रुई माजलेली असायची, शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं आणायला आम्ही जायचो, तेवढंच काय ते तिच्याकडे जाणं. रुईला कुणी पाणी घातलेलं कधी ऐकलंय का? बटरफ्लाय वीड हे रुईच्याच कुळातलं आहे, फुलाची घडण बघा, शेंग फुटल्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या बघा, बहीणच आहे ती. आणि मी तिला स्प्रिंकलरच्या पट्ट्यात, कंपोस्ट घातलेल्या चिकणमातीत, मुळाशी चार इंच लाकडी मल्च लावून बसवलेलं. रुईला जसं वागवाल तसं हिला वागवा, एवढं ठरवलं तरी निम्मे निर्णय आपोआप बरोबर येतात.

तुमच्या जागेचा निचरा तपासायची सोपी पद्धत सांगते. एक फूट खोल, साधारण तेवढाच रुंद खड्डा करा, पाण्याने भरा, ते सगळं मुरू द्या, मग परत भरा आणि पट्टी उभी करून तासाभरात पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं तर जागा चालेल. माझ्याकडे तासात अर्धा इंच पण उतरलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी होतंच. उन्हाळ्यात हे चालून जातं कारण ऊन असतं, झाड पाणी ओढत असतं. खरा घात होतो नोव्हेंबरमध्ये आणि मग मार्चमध्ये, झाड झोपलेलं, वरून बर्फ वितळतोय, खाली जमीन गोठलेली त्यामुळे पाणी खाली जात नाही, आणि मुळाचा माथा आठवडेच्या आठवडे गारठ्या चिखलात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ना, माती ओलसर पण हवा खेळती, तो त्या काळात येतच नाही.

आणि अंगणातलं पाणी कुठून येतं तेही बघा, नुसती माती बघून चालत नाही. आमच्याकडे बेसमेंटच्या सम्प पंपाचा, म्हणजे तळघरात साठणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा पाइप जिथे उघडतो तिथून आठ फुटांवर माझा वाफा होता, मार्चमध्ये पंप दिवसरात्र चालायचा आणि ते सगळं पाणी वाफ्यात. हे लक्षात यायला मला तीन वर्षं लागली कारण त्या दिवसांत आपण बाहेर बघतोच कुठे. एखाद्या पावसाळी दिवशी छत्री घेऊन बाहेर जा आणि छपराचं पाणी कुठे पडतं, पंपाचं कुठे जातं, ड्राइव्हवेवरचा मीठ टाकलेला बर्फ तुम्ही कुठे लोटता, हे बघून या.

उपाय काय? सगळे सांगतात वाळू मिसळा. चिकणमातीत थोडी वाळू मिसळू नका, वाळल्यावर ते सिमेंटसारखं होतं. आणि चिकणमातीत खड्डा खणून तो चांगल्या मातीने भरणं हे अजून वाईट, कारण आजूबाजूचं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साठतं, तुम्ही झाडाला बादलीत बसवल्यासारखं होतं. वर चढा. मी गादीवाफ्यासारखा पण गोल उतरता उंचवटा केला, दहा इंच उंच, साडेचार फूट रुंद, खालची माती आधी बागकामाच्या काट्याने मोकळी करून त्यावर रेताड माती, कंपोस्ट अजिबात नाही. वरून लाकडी मल्चऐवजी बारीक खडीचा एक इंच थर, आणि मुळाच्या माथ्याभोवती तीन बोटं जागा मोकळी. सहा तासांहून जास्त थेट ऊन. स्प्रिंकलरचं ते तोंड बंद केलं. लावल्यावर पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, दुसऱ्या वर्षापासून नाही, खत तर कधीच नाही, खताने काड्या लांबट होऊन आडव्या पडतात. उंचवटा करायची इच्छा नसेल तर अंगणातला उतार, रिटेनिंग वॉलचा वरचा काठ, फुटपाथकडची तापणारी कोरडी पट्टी, यातलं काहीही चालेल फक्त तिथे मिठाचा बर्फ टाकू नका.

मग ती जुनी ओली जागा वाया गेली का, तर मुळीच नाही. तिथे स्वॅम्प मिल्कवीड लावा. त्याला ओल आवडते, चिकणमाती चालते, फुलं गुलाबी येतात, आणि मोनार्क फुलपाखरं अंडी घालायला बटरफ्लाय वीडपेक्षा तेच जास्त पसंत करतात. माझ्या सम्प पंपाच्या तोंडाशी आता ते छातीएवढं होतं. बटरफ्लाय वीडवर मोनार्कच्या अळ्या कमी का असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर, त्याच्यावर फुलपाखरं रस प्यायला येतात, अळ्यांसाठी सोबतीला दुसरं मिल्कवीड हवं.

आता ते वर उचकटून येणं. फेब्रुवारी मार्चमध्ये दिवसा वितळतं रात्री गोठतं, माती फुगते बसते, आणि ज्या रोपाने अजून खोल मूळ धरलं नाही त्याला ती वर ढकलते. सप्टेंबरच्या शेवटी सेलमध्ये घेतलेल्या रोपांचं हे ठरलेलं असतं. त्यामुळे लावायचं ते वसंतात, फार तर जून मध्यापर्यंत. उचकटलेलं सापडलं तर पायाने दाबू नका, हाताने हलकं खाली बसवून बाजूने माती द्या. आणि पहिल्या हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर, म्हणजे डिसेंबरमध्ये, गव्हाच्या पेंढ्याचा पातळ थर टाका आणि मार्चअखेर काढून घ्या. ओली पानं टाकू नका, ती चिकटून बसतात आणि परत तीच कूज.

नर्सरीचं रोप घेताना मोठ्या कुंडीतलं फुललेलं रोप घेऊ नका, मोह होतो माहितीये, पण त्याचं सोटमूळ कुंडीत गोल गोल फिरलेलं असतं आणि भोवती पीट मॉसचा गोळा, जो चिकणमातीत गेल्यावर स्पंजसारखं पाणी धरून बसतो. लहान प्लग, म्हणजे ट्रेच्या छोट्या खणात वाढवलेलं कोवळं रोप घ्या. आणि कीटकनाशक वापरलंय का हे विचारा, विशेषतः मुळातून झाडभर पसरणारं. नीट उत्तर मिळालं नाही तर मी तिथून घेत नाही, कारण ते औषध पानात आणि फुलाच्या रसात उतरतं आणि ज्या जिवांसाठी आपण हे लावतोय तेच मरतात. एकदा लावलं की हलवू नका. या झाडाचं सोटमूळ खोल जातं, ते तुटलं की मोठं झाड बहुतेक वेळा परत उभं राहत नाही. जागा आधी ठरवा, झाड नंतर.

बियांपासून करायचं असेल, आणि मी तर म्हणेन तेच करा, तर बी उगवत नाही ही तक्रार येते. याच्या बीला ओला गारवा लागतो, महिनाभर तरी. बिया ओलसर वाळूत कालवून, पिळल्यावर पाणी निघणार नाही इतपतच ओलसर, झिपलॉकमध्ये घालून फ्रीजमध्ये ३० दिवस ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मी आधी पेपर टॉवेल वापरायचे, बुरशी यायची, वाळूत येत नाही. याहून सोपं म्हणजे दुधाचा एक गॅलनचा रिकामा कॅन आडवा कापून, खाली भोकं पाडून, चार इंच माती घालून, बिया पाव इंच खोल पेरून डिसेंबरमध्ये सरळ बाहेर बर्फात ठेवून द्या, झाकण उघडं. निसर्ग बाकीचं करतो, मेमध्ये रोपं दिसतात. रोपं लहान असतानाच, मूळ तळाला टेकायच्या आत, कायमच्या जागी लावा. फुलं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतील. पहिल्या वर्षी वर चार बोटं दिसतं तेव्हा नाउमेद होऊ नका, सगळं काम खाली चाललेलं असतं.

अजून दोन गोष्टी ज्या मरण्यासारख्या दिसतात पण नसतात. कोंब आले होते आणि एका सकाळी गायब, देठ तिरका स्वच्छ कापल्यासारखा, तर तो ससा आहे. दोन फूट उंच जाळीचं कडं लावा, झाड परत फुटतं. आणि जुलैमध्ये शेंड्यांवर पिवळाधमक मावा, काळ्या पायांचा. घाबरू नका, हा तोच मावा जो आपल्याकडे रुईवर आणि कण्हेरीवर असतो, इथे पण तोच पोचलाय. मोठं झाड त्याने मरत नाही. आधी पानाखाली मोनार्कचं अंडं आहे का बघा, एकेकटं, मोतिया रंगाचं, उभ्या रेघांचं, नसेल तर नळीच्या पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यावर मारा, दोन दिवसांनी परत. साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल हे मी इथे वापरत नाही, अळीला पण लागतं ते. लेडीबगच्या अळ्या दिसल्या तर फवारा पण थांबवा, त्या आठवडाभरात मावा साफ करतात.

भारतातून बहीण विचारते बिया घेऊन ये, पुण्यात लावू. नका नेऊ, सामानातून बिया नेणं नियमात बसत नाही आणि त्या झाडाला हवा तसा हिवाळाही पुण्यात नाही. तिकडे मोनार्कचा सख्खा भाऊ प्लेन टायगर हे फुलपाखरू रुईवर वाढतं, रस्त्याकडेची एक रुई तोडू नका म्हणावं, झालं.

आणि इथे सप्टेंबरमध्ये, शेंगा हिरव्याच्या पिवळट व्हायला लागल्या की प्रत्येक शेंगेला एक रबरबँड लावून ठेवा, नाहीतर एका वाऱ्याच्या दुपारी सगळ्या म्हाताऱ्या शेजारच्यांच्या लॉनवर. शेंग उघडून बघा, बी तपकिरी असेल तरच काढा, पांढरं असेल तर अजून आठवडा. कापूस काढून टाकायला कागदी पिशवीत दोन नाणी घालून खडखड हलवा, बिया तळाला राहतात. कोरड्या पाकिटात, वर तारीख आणि झाडाचं नाव, फ्रीजच्या दारात. माझ्याकडे सध्या तीन पाकिटं आहेत, डिसेंबरच्या दुधाच्या कॅनसाठी.